अश्वगंधा माना टाकतेय? फवारणीआधी तीन झाडं खणून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निफाड तालुक्यात सव्वा एकर काळ्या जमिनीत अश्वगंधा केली आहे. आधी त्याच रानात टोमॅटो होता, ठिबक अंथरलेलंच होतं, म्हणून जुलैअखेर त्याच ओळींवर बी टाकलं. आज पीक पंचावन्न दिवसांचं आहे. गणपतीत झड लागली, त्यानंतर खालची पानं पिवळी पडून तपकिरी ठिपके आले आणि रानाच्या उताराकडच्या अंगाला झाडं माना टाकू लागली. दुकानदाराने एम-45 (मॅन्कोझेब) आणि कॉपर ही बुरशीनाशकं दिली. दोन फवारण्या झाल्या, ठिपके जरा थांबले, पण मर थांबेना. आता आळवणीतून, म्हणजे मुळाशी ओतून, कोणतं जालीम बुरशीनाशक द्यावं, हे तुम्हाला हवंय.

औषधाकडे मी येते, पण लगेच नाही. तुम्ही पाठवलेल्या सातही फोटोंत पानं आहेत, मूळ एकाही फोटोत नाही. आणि तुमचं नुकसान जिथे होतंय ती जागा मातीखाली आहे.

माझ्या अंदाजाने तुमच्या रानात दोन वेगळे रोग एकाच वेळी आहेत आणि तुम्ही त्यांना एकच समजताय. पानावरचा ठिपका हा एक. मुळाची किंवा बुडख्याची कूज हा दुसरा. झड लागल्यावर दोन्ही एकदम दिसले म्हणून ते एकाच रोगाचे दोन टप्पे वाटतात. एम-45 आणि कॉपर दोन्ही स्पर्शजन्य आहेत, पानावर पडतील तिथेच काम करतील. ठिपके थांबले ते त्यामुळे. मुळाशी त्यातलं काहीच पोहोचलं नाही, म्हणून मर चालूच राहिली. याहून भारी आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं, औषध वरून फवारलं तरी फरक पडणार नाही, कारण बहुतेक आंतरप्रवाही बुरशीनाशकं झाडात खालून वर चढतात, वरून खाली उतरत नाहीत. फॉसेटिल या बुरशीनाशकाचा अपवाद आपल्या द्राक्षवाल्यांना माहीत आहे, पण ते द्राक्षातल्या डाऊनी रोगाच्या कुळासाठी. मर आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीवर त्याचा भरवसा नाही.

आता माझी बाजू आधीच सांगून टाकते. माझं स्वतःचं रान सिन्नरच्या पूर्वेला आहे, मुरमाड, पाऊस कमी. तिथे अश्वगंधा जवळजवळ स्वतःची स्वतः येते. तुमच्यासारख्या काळ्या जमिनीचा अनुभव मला मामेभावाच्या रानातून आला, कादवा नदीच्या काठाला, आणि तो बहुतेक चुकांतूनच आला. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं पाण्याचं आणि निचऱ्याचं तुम्ही अक्षरशः घ्या. प्रमाणाचं मात्र आपल्या रानाकडे बघून कमीजास्त करा.

आधी पानाचा विषय उरकते, तो सोपा आहे. ठिपका हातात घेऊन उन्हाकडे धरा. तपकिरी गोलात एकात एक वर्तुळं दिसतात का? कापलेल्या लाकडाच्या वयाच्या रेषा असतात तशी. बाहेरून पिवळी कडा आहे का? जुन्या, खालच्या पानांपासून सुरुवात झाली का? मग तो अल्टरनेरिया बुरशीचा ठिपका. टोमॅटोतला लवकर येणारा करपा आणि कांद्यातला जांभळा करपा हे याच घराण्यातले, म्हणून नाशिकच्या माणसाला तो नवा नाही. खात्री करायची असेल तर एक घरगुती युक्ती आहे. स्टीलच्या डब्याच्या तळाशी ओला वर्तमानपत्राचा कागद घाला, त्यावर दोन काड्या आडव्या ठेवा, काड्यांवर ठिपक्याचं पान ठेवा आणि झाकण लावून दोन दिवस सावलीत ठेवा. तिसऱ्या दिवशी ठिपक्यावर काजळीसारखी काळपट मखमल उठली तर ती बुरशीच. काहीच उठलं नाही तर तो डाग खताचा किंवा औषधाचा चटकाही असू शकतो.

पानाला जाळी पडली असेल, हिरवा भाग खरवडून शिरा तेवढ्या उरल्या असतील, तर तो रोगच नाही. पान उलटं करा. पिवळ्या काटेरी अळ्या किंवा पाठीवर काळे ठिपके असलेला तांबूस भुंगा सापडेल. वांग्यावर येतो तोच. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे चिखलात घालणं.

पानावरच्या ठिपक्याने मी फार घाबरत नाही. अश्वगंधेचं पान विकायचं नसतं. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पान वापरू नका, मूळच वापरा, असं कळवलेलंही आहे. पान हे मुळाचं स्वयंपाकघर, तेवढाच त्याचा उपयोग. खालची चार-पाच पानं गेली तर मुळाला फार फरक पडत नाही. शेंड्याकडची पानं गळायला लागली तर पडतो. शिवाय पीक पक्व होताना पानं पिवळी पडतात आणि फळं लाल होतात, तो काढणीचा इशारा असतो. दर वर्षी कोणीतरी त्याला रोग समजून शेवटच्या महिन्यात फवारणी करतं. तुमचं पीक अजून लहान आहे, पण हे लक्षात ठेवा.

आता खरी भानगड.

उद्या सकाळी खुरपं किंवा कुदळ घेऊन रानात जा. झाड उपटू नका, खणून काढा. उपटलं की कुजलेली बारीक मुळं मातीतच राहतात आणि हातात चांगला दिसणारा सोटा येतो, मग माणूस म्हणतो मूळ तर बरं आहे. पूर्ण वाळलेलं झाडही निवडू नका. त्यावर मागाहून आजूबाजूच्या दहा बुरश्या येऊन बसलेल्या असतात, त्यातली खरी गुन्हेगार कोण ते कळत नाही. आजच दुपारी मान टाकलेलं एक घ्या, त्याच्या शेजारचं वरून निरोगी दिसणारं दुसरं घ्या, आणि रानाच्या उंच अंगाचं एकदम ठणठणीत तिसरं घ्या. तिन्ही बादलीत हलक्या हाताने धुवा. घासू नका.

पहिलं बघायचं बुडखं, म्हणजे मातीला टेकलेला खोडाचा भाग. तिथे कापसासारखे पांढरे धागे आणि त्यात मोहरीच्या दाण्याएवढे, आधी पांढरे मग तपकिरी होणारे गोल कण दिसले तर ती स्क्लेरोशियमची बुडकूज. हे कण म्हणजे तिचं बियाणं समजा. मातीत ते वर्षानुवर्षं टिकतात. ही बुरशी शेकडो पिकांवर जगते, त्यामुळे टोमॅटोनंतर कांदा घेतला म्हणून ती जात नाही.

बुडखं स्वच्छ असेल तर ब्लेडने खोड मातीपासून चार बोटं वर आडवं कापा. मध्ये पांढरट गर आणि त्याच्या भोवती बांगडीसारखं तपकिरी कडं दिसलं, की फ्युजेरियमची मर. तेच खोड उभं चिरलं तर तपकिरी रेघ वर चढलेली दिसते. हे झाड एका दिवसात मरत नाही. आधी दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, पुन्हा दुपारी टाकतं. कधी एकाच बाजूची फांदी आधी पिवळी पडते. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला झाडं रात्रीत सावरत होती, म्हणून माझा कल इकडे आहे. पण खोड न बघता मी पैज लावणार नाही.

तिसरी कसोटी पाण्याच्या ग्लासाची. टोमॅटो-वांग्यात जिवाणूची मरही असते आणि टोमॅटो तर तुमच्याच रानातलं आधीचं पीक. खोडाचा दोन इंचाचा ताजा तुकडा कापून, दोऱ्याने बांधून, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवा. ग्लास हलवू नका. काही मिनिटांत तुकड्याच्या खालच्या टोकातून दुधाच्या धारेसारखा पांढुरका धागा उतरू लागला तर ती बुरशी नाही, जिवाणू आहे. मग जगातलं कोणतंही बुरशीनाशक तिथे कामाचं नाही. पाच रुपयांचा दोरा, पण त्याने माझ्या मामेभावाचे एका हंगामात दोन आळवण्यांचे पैसे वाचले.

चौथी गोष्ट बारीक मुळांवर. तिथे गाठी आहेत का? मणी ओवल्यासारख्या, मुळातच फुगलेल्या, नखाने खुडून न निघणाऱ्या? त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांच्या. हरभऱ्याच्या मुळावर नत्राच्या गाठी असतात, त्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सुटतात. अश्वगंधा काही कडधान्य नाही, तिच्या मुळावरची गाठ कधीच चांगली नसते. सूत्रकृमी मुळाला भोकं पाडते आणि त्याच वाटेने फ्युजेरियम आत शिरतं. टोमॅटोच्या रानात ही जोडी फार वेळा एकत्र सापडते. एका वर्षी मी गाठी नीट न बघता नुसतं मूळकुजीवर काम करत बसले. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी टाकते आणि झाडं मरतायतच, टाकते आणि मरतायतच. शेवटी एक मूळ धुऊन बघितलं तेव्हा कळलं.

आणि हो, मूळ मोडून वास घ्या. निरोगी ओल्या मुळाला तो उग्र, घोड्याच्या अंगासारखा वास येतो, ज्यावरून नाव पडलं. कुजायला लागलेलं मूळ आंबूस येतं, वरची साल बोटाने सरकते आणि आतला धागा उघडा पडतो. शेजारच्या 'निरोगी' झाडाचं मूळही आंबूस येत असेल तर रोग तुम्हाला वरून दिसतोय त्याच्या चार हात पुढे गेलाय असं समजा.

हे सगळं करायला दोन तास लागतील. ज्यांना हे किचकट वाटतं त्यांनी दोन आजारी झाडं मुळाभोवतीच्या मातीसकट कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंडता, कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. नाशिकला मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे, मालेगावलाही आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात तर औषधी वनस्पतींवरच काम चालतं. जाताना त्याच सकाळी खणलेलं झाड न्या, चार दिवस मोटरसायकलच्या डिक्कीत राहिलेलं नको.

आता तुम्ही विचारलेल्या आळवणीकडे येते, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

टोमॅटोच्या मुळाशी तुम्ही काहीही ओतलंत तर ते मूळ कोणी खात नाही. इथे मूळ हाच माल आहे. तेच वाळवून, कुटून, लोक दुधातून घेतात. बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्या माणसाला देतात. आंतरप्रवाही बुरशीनाशकाची आळवणी म्हणजे ते थेट मालात मुरवणं. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं कशी नाकारली गेली ते निफाड-दिंडोरीत अजून कोणी विसरलेलं नाही. तिथे निदान लेबल क्लेम असलेल्या, म्हणजे त्या पिकासाठी मंजूर, औषधांची यादी तरी असते. अश्वगंधेचं नाव असलेलं बुरशीनाशकाचं लेबल मला आजवर एकाही दुकानात दिसलेलं नाही. म्हणजे किती द्यायचं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे छापील कुठेच नाही. दुकानदार सांगतो ते टोमॅटोवरून सांगतो.

माझ्या दुसऱ्याच वर्षी मी हे केलं होतं. मर लागली, मी द्राक्षातली माणूस, हात आपोआप डब्याकडे गेला. दोन आळवण्या केल्या. झाडं निम्मी वाचली, मला वाटलं जिंकले. मार्चमध्ये माल गेला आणि तपासणीत अंश सापडला म्हणून परत आला. भाडं दोन्ही बाजूंचं माझं. त्या गोण्या पुढे दोन वर्षं माळ्यावर पडून होत्या. विकाव्यात तर मन धजेना, फेकाव्यात तर तेही होईना. शेवटी खड्ड्यात पुरल्या.

म्हणून पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारते, कारण पुढचं बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे. माल कोणाला देणार? लेखी करार असेल तर त्यात कोणती औषधं चालत नाहीत ते बघा, दोन फवारण्या झाल्यात हे त्यांना आत्ताच कळवा आणि तारखा वहीत लिहून ठेवा. सेंद्रिय म्हणून देणार असाल तर एम-45 ने ते दार बंद झालंय, उगीच लपवू नका. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजाराला नेणार असाल तर तिथे मूळ किती जाड, मोडल्यावर आत किती पांढरं, यावर भाव ठरतो. पण पुढे तो माल जिथे जातो तिथे तपासणी होतेच.

तुमच्या जागी मी असते तर आज काय केलं असतं?

सगळ्यात आधी ठिबकचा व्हॉल्व्ह बंद. तुम्ही रोज अर्धा तास पाणी देताय, खालच्या थरात ओल असताना. ही टोमॅटोची सवय आहे. अश्वगंधा हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतलं, पावसाच्या शेपटावर येणारं पीक. तिला पाण्याचा ताण चालतो, साचलेलं पाणी चालत नाही. काळ्या जमिनीत वरचा इंचभर थर कोरडा, भेगाळलेला दिसतो आणि खाली वीतभर चिखल असतो. खुरप्याने वीतभर खणा, माती मुठीत दाबा. लाडू होऊन बोटांना चिकटत असेल तर पाणी नको. लाडू होऊन बोटाच्या टिचकीने फुटत असेल तर वाफसा आहे, तेव्हाही नको. लाडू होतच नसेल तेव्हा द्या. माझ्या अंदाजाने तुम्हाला पुढचे पंधरा-वीस दिवस पाणी द्यावं लागणार नाही, परतीचा पाऊस आला तर त्याहूनही जास्त.

दुसरं, उताराच्या टोकाला चर काढा. वीत-दीड वीत खोल, पाणी बांधाबाहेर निघेल असा. मर खालच्या अंगाला सुरू झाली हा योगायोग नाही, तिथे पाणी थांबतंय. मामेभावाच्या रानात नुसता चर काढल्यावर आठवड्याभरात नवीन झाडं माना टाकायची निम्म्यावर आली होती. औषधाचा एक थेंब न घालता.

तिसरं, मेलेली आणि मरणारी झाडं खणून काढा, भोवतीच्या घमेलंभर मातीसकट, आणि पोत्यात भरून रानाबाहेर न्या. वाळवून जाळा. बांधावर टाकू नका, उकिरड्यात तर मुळीच नाही, नाहीतर पुढच्या वर्षी शेणखतातून तोच रोग स्वतःच्या हाताने परत आणाल. हे काम दिवसाच्या शेवटी करा आणि नंतर खुरपं धुवा. आजारी टोकापासून निरोगी टोकाकडे निंदत जाणाऱ्या बायकांच्या पायाला चिकटलेली माती मी डोळ्यांनी रोग नेताना पाहिली आहे. निंदणी नेहमी उलट, निरोगीकडून आजारीकडे. आणि बुडख्याला खुरपं लागू देऊ नका. प्रत्येक जखम म्हणजे उघडं दार.

मग आजारी पट्ट्याच्या कडेने, शेवटच्या मेलेल्या झाडापासून दोन हात पुढे, काड्या रोवा. रंगीत चिंधी बांधा म्हणजे दिसतील. दर चौथ्या दिवशी काड्यांच्या बाहेर किती झाडं मेली ते मोजून लिहा. हा माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा सल्लागार आहे. 'वाढतंय असं वाटतंय' आणि 'चार दिवसांत अकरा झाडं गेली' यात फार फरक असतो.

मग जैविक. ट्रायकोडर्मा हे औषध नाही, पहारेकरी आहे. घरात शिरलेल्या चोराला ते बाहेर काढत नाही, पुढच्या घराला राखतं. त्यामुळे ते मेलेल्या झाडाच्या खड्ड्यात आणि काड्यांच्या बाहेरच्या निरोगी पट्ट्यात द्यायचं. मी एकरी दोन ते अडीच किलो, दोनशे लिटर पाण्यातून, संध्याकाळी, वाफशावर देते. कोरड्या मातीत ते वाढत नाही, चिखलातही जोर धरत नाही. ठिबकमधून नको, नेमकं तेच पाणी तुम्हाला बंद करायचंय. पंपाची नोझल काढून ओळीत ओता. तुमचं कॉपर ताजं आहे, म्हणून शेवटच्या फवारणीपासून दहा-बारा दिवस जाऊ द्या. स्युडोमोनास हा मित्रजिवाणू द्यायचा असेल तर त्याच टाकीत मिसळू नका, आठ दिवसांनी वेगळा द्या. पाकिटावरची तारीख बघून घ्या. आणि दुकानात ते कुठे ठेवलंय तेही बघा. पत्र्याखाली उन्हात तापलेलं ट्रायकोडर्मा म्हणजे नुसती भुकटी.

गाठी सापडल्या तर याच्या जोडीला निंबोळी पेंड, एकरी दोनशे किलोच्या आसपास, ओळीच्या बाजूने मातीत मिसळून. उभ्या पिकात तिचा परिणाम मर्यादित असतो, हे आधीच सांगते. ग्लासात दुधाचा धागा उतरला, म्हणजे जिवाणू निघाला, तर फक्त झाडं काढणं, चर आणि पाणी बंद. बाकी खर्च करू नका.

पानासाठी काय? तिसरी फवारणी मी केली नसती. ऊन पडलंय, हवा खेळतेय, ठिपके थांबलेत. दाट झालेल्या जागी विरळणी करा, खालची ठिपक्यांची पानं खुडून पोत्यात. तुमच्याकडे मला भीती आहे ती थंडीतल्या दवाची. निफाडचा पारा बऱ्याचदा राज्यात सगळ्यात खाली जातो हे आपण डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यात वाचतो, आणि पानावर सकाळी नऊपर्यंत दव राहिलं की ठिपका परत जोर धरतो. तेव्हा शेंड्याकडे सरकला तर एखाद्या स्पर्शजन्य फवारणीचा विचार करू. त्यासाठी आत्ताच तुमच्या खरेदीदाराला काय चालेल ते विचारून ठेवा. तुम्ही देताय ते 19:19:19 विद्राव्य खत मात्र लगेच बंद करा. नत्राने लुसलुशीत झालेलं झाड बुरशीला आवडतं आणि पाला वाढून मूळ बारीक राहतं. अश्वगंधेला थोडी उपासमार मानवते.

दोन-तीन औषधं एकत्र करून मारायचा सल्ला कोणीतरी देईलच. झाड वाचलं तर कशाने वाचलं हे कळत नाही आणि अंश सापडला तर कशाचा हेही कळत नाही.

बारा दिवसांनी तुमच्या काड्यांचा हिशोब बघा. काड्यांबाहेर मरणारी झाडं कमी होत गेली असतील तर पीक तुमच्या हातात आहे. तितकीच किंवा जास्त मरत असतील तर काड्यांच्या पुढचा चार-पाच हातांचा पट्टा, निरोगी दिसणाऱ्या झाडांसकट, काढून मोकळा करा आणि मध्ये चर टाका. हे करताना जिवावर येतं, मलाही आलं होतं. पण सव्वा एकरातले पाच गुंठे सोडून एकराहून जास्त रान वाचत असेल तर हिशोब सरळ आहे. निम्म्याहून जास्त रान गेलं असेल तर मी मोडून टाकून गहू किंवा हरभरा धरला असता, आणि गाठी निघाल्या असत्या तर गहूच. एकरी दोन क्विंटल सुकी मुळं ही चांगल्या रानातली गोष्ट. निम्म्या कुजलेल्या रानात मजुरीही निघत नाही, अश्वगंधेची काढणी महाग असते.

काढणीपर्यंत टिकलंच, तर आजारी पट्ट्याच्या कडेची मुळं वेगळी काढा, वेगळी वाळवा. कुजका तुकडा चांगल्या ढिगात गेला की ओलाव्याने सगळा ढीग बुरसतो. मूळ हातात वाकता कामा नये, कटकन मोडलं पाहिजे, तोवर गोणीत भरू नका. ताडपत्रीखाली झाकलेल्या ओलसर मुळांना लागलेली साठवणुकीतली बुरशी हा वेगळा विषय आहे, आणि तपासणीत रानातल्या मरीपेक्षा तीच जास्त माल पाडते.

पुढच्या वर्षासाठी थोडंच बोलते, कारण आज तुमच्या डोक्यात आजचं आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाट्यानंतर अश्वगंधा नको, सगळी एकाच कुळातली. बाजरी किंवा ज्वारीनंतर घ्या. गाठी निघाल्या तर मध्ये एक पीक झेंडूचं घ्या, दसऱ्याचे पैसेही होतील आणि सूत्रकृमीही कमी होईल. काळ्या रानात गादीवाफ्याशिवाय बी टाकू नका. मे महिन्यात रान ओलवून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकता आलं तर मातीतली बरीच घाण उन्हानेच मरते. सव्वा एकराला जमलं नाही तर निदान तो आजारी पट्टा झाका. पेरणीआधी किलोला पाच ते दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा बियाण्याला चोळा. आणि शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळून, सावलीत ओल्या गोणपाटाखाली दहा-बारा दिवस ठेवून, हिरवट बुरशी धरली की वाफ्यात टाका. तुमचं मागचं बियाणं कुठलं होतं ते लिहिलं नाहीत. मर लागलेल्या रानातलं घरचं बी पुन्हा वापरू नका.

आता उद्याचं काम. तीन झाडं धुतलेल्या मुळांसकट एका पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. खोडाचा आडवा काप जवळून घ्या आणि पाण्याचा ग्लास मागे काळा कागद धरून. ते तिन्ही फोटो आले की फ्युजेरियम की स्क्लेरोशियम, हे मी जास्त खात्रीने सांगेन. आणि व्हॉल्व्ह बंद केलात का, तेही लिहा.